‘ओळख पटली नाही’



ही व्याख्यानमाला गुरुजींच्या स्मृतीसाठी चालते. गुरुजी गणित शिकवायचे. पक्ष्यांशी त्यांचा संबंध शाळेच्या आवारातल्या साळुंक्यांपुरताच असावा. पण त्यांचे विद्यार्थी त्यांचा एक दंडक अजून सांगतात: उत्तर आलं नाही तर वहीत ‘आलं नाही’ असं स्वच्छ लिहा, शेजाऱ्याचं उतरवू नका. आज मी पक्षीनिरीक्षणातून शिकायला मिळणाऱ्या धीराबद्दल बोलणार आहे, आणि त्या धीराचं मूळ मला या दंडकातच दिसतं.

पक्षी बघायचा छंद आहे असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, “तुम्हाला फारच धीर असणार.” त्याच्या मनात झाडाखाली तासन्‌तास न हलता बसलेला माणूस असतो. हे चित्र खोटं नाही, पण त्यात मुख्य गोष्ट येत नाही. वाट बघायला आपण सगळेच बसतो. एसटीच्या फलाटावर बसतो, दवाखान्यात बसतो, तहसील कचेरीच्या बाकावर बसतो. तिथून उठताना कुणी जास्त सोशीक झालेला मी पाहिला नाही. नुसतं थांबल्यानं माणसाला काही मिळत नाही. थांबलेल्या वेळात तो काय करतो आणि थांबूनही हाती काही लागलं नाही तर वहीत काय लिहितो, यावर सगळं ठरतं. पक्षी बघणारे जुनेजाणते लोक नोंदवहीत एक शेरा वारंवार लिहितात: ‘ओळख पटली नाही.’ हे तीन शब्द लिहायला धीर लागतो. तो कुठून येतो आणि तो नसला तर काय होतं, हे मी काही खऱ्या हकीकतींतून सांगतो.

सुरुवात जंगलातल्या वेळापासून करू या. सह्याद्रीतल्या सदाहरित पट्ट्यात, आंबोलीला म्हणा किंवा कोयनेच्या खोऱ्यात, सकाळी पायवाटेनं आत शिरलं की पहिला अनुभव निराशेचा असतो. झाडी एवढी दाट, पण पक्षी एकही नाही. एक तर आपण आलेलो त्यांना कळलेलं असतं. पायाखालची पाचोळ्याची करकर, आपापसातलं बोलणं, अंगावरचे भडक कपडे यांनी आपली वर्दी आधीच दिलेली असते. खाली बसलं, बोलणं थांबवलं, की पंधरा-वीस मिनिटांत परिसर पुन्हा आपल्या कामाला लागतो. पण तेवढ्यानंही झाडं रिकामीच दिसू शकतात. आणि मग कुठूनसा किलबिलाट जवळ येतो. आधी कोतवाल दिसतो, त्यामागून लालभडक निखार, खोडावरून उलटी उतरणारी शिलींध्री, वल्गुली, दोन-तीन जातींचे वटवटे, एखादा सुतार. वेगवेगळ्या जातींचा हा मिश्र थवा एकत्र किडे टिपत जातो. एकानं उडवलेला किडा दुसऱ्याच्या चोचीत पडतो, आणि शिक्रा आला तर इतक्या डोळ्यांपैकी कुणाला तरी तो आधी दिसतो. पाच-सात मिनिटांत सगळा थवा पुढे निघून जातो आणि झाडं पुन्हा तशीच रिकामी.

जंगलातला वेळ असा असतो. तो सारखा वाटलेला नसतो. अर्धा तास काहीच घडत नाही आणि मग दहा जाती एकदम समोर येतात. जो माणूस मधल्या अर्ध्या तासाला ‘वाया गेलेला’ म्हणतो, तो थवा यायच्या आत उठून गेलेला असतो. शिवाय तो अर्धा तास खरोखर रिकामा नसतोच. कोणत्या झाडाला फळं धरली आहेत, पाणी कुठे साठलं आहे, कोणत्या फांदीखाली पांढरी विष्ठा पडली आहे, म्हणजे वर रात्रीचा कुणाचा तरी मुक्काम आहे, हे सगळं त्याच वेळात कळतं. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात ३६ वर्षं काढली. त्यांची पुस्तकं वाचताना मला सर्वांत जास्त जाणवतो तो हा रिकाम्या दिसणाऱ्या वेळाबद्दलचा आदर. नवेगावबांधच्या तलावाकाठी त्यांनी पक्षी पाहिले तसे पक्षी जाणणारे लोकही पाहिले आणि त्यांच्यापाशी शिकायला बसले. ‘पक्षिकोश’ उभा करताना आदिवासींनी आणि रानातल्या लोकांनी पक्ष्यांना दिलेली नावं त्यांनी वर्षानुवर्षं वेचली. खुर्चीवरच्या अधिकाऱ्यानं खाली जमिनीवर बसून विचारणं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहणं, हीसुद्धा धीराचीच गोष्ट आहे. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. मराठीत पक्ष्यांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे, आणि ते इथे जाहीरपणे मान्य करायला हवं.

आता नावाकडे येतो. नवशिक्याला नावाची घाई असते आणि ती स्वाभाविक आहे. तांबट, खंड्या, भारद्वाज, हळद्या, कोतवाल ही नावं एकेक करून ओळखीची होताना जो आनंद होतो त्याला तोड नाही. पण दिवाळीनंतर आपल्या आंब्या-चिंचेच्या शेंड्यांत हिरवट-करडे, चिमणीहूनही लहान वटवटे येऊन उतरतात. उत्तरेतून, हिमालयातून आणि त्याही पलीकडून. त्यांच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या, की पंखावरची फिकट रेघ आहे की नाही, भुवई किती लांब, पाय काळपट की तपकिरी, एवढ्यावर निर्णय. आणि पक्षी एका जागी दोन सेकंद ठरत नाही. इथे घाईनं दिलेलं नाव बहुधा चुकतं.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत होते. त्यांच्या हाती दुर्बीण नव्हती, आजच्यासारखी चित्रांची पुस्तकं नव्हती. त्या काळी लोक ज्या वटवट्याला सरसकट एकच पक्षी समजत, तो एक नसून तीन आहेत हे त्यांनी १७६८ च्या सुमारास मित्राला लिहिलेल्या पत्रांत मांडलं. कशावरून? मुख्यतः गाण्यावरून. तिघांचे सूर वेगळे, हे त्यांच्या कानानं आधी पकडलं आणि मग त्यांनी पक्षी हातात घेऊन मापं आणि रंग ताडून पाहिले. त्यांचं पुस्तक १७८९ मध्ये निघालं, म्हणजे मधे वीस वर्षं गेली. व्हाइट जन्मभर जवळजवळ एकाच गावात राहिले आणि तीच झाडं, तेच पक्षी दर वर्षी पाहत राहिले. आज ज्याला शास्त्रीय निरीक्षण म्हणतात त्याचा एक मोठा झरा या खेड्यातून निघाला. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की सर्वमान्य नाव समोर तयार असताना ते नाव त्यांनी पुरेसं मानलं नाही.

याच्या अगदी उलट काय घडू शकतं, याची हकीकत आपल्या खानदेशातली आहे, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे. कारण पक्ष्यांच्या इतिहासात धीराचा आणि अधीरपणाचा इतका स्वच्छ सामना मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

रानपिंगळा हे छोटं घुबड. गावातल्या वडा-पिंपळावर संध्याकाळी चिरकणारा जो ठिपकेदार पिंगळा आपण पाहतो, त्याचाच हा रानातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा, नखं आणि चोच दांडगी. आज छत्तीसगड-ओडिशाच्या सीमेवर येणाऱ्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये पहिला नमुना मिळवला. ॲलन ह्यूम यांनी, काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव आपण शाळेत वाचतो त्याच ह्यूम यांनी, १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन हे अधिकारी खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला असताना त्यांनी आणखी काही नमुने गोळा केले. यातला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पण कागदावर आणखी एक नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं असं नोंदवलं होतं, की १९१४ मध्ये दक्षिण गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला त्यानं रानपिंगळा मारला. माणूस मोठा, ख्याती मोठी, संग्रह सुमारे २० हजार पक्ष्यांचा. त्याच्या शब्दावर संशय कोण घेणार? पुढच्या पिढ्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला तेव्हा ही नोंद नकाशावर होती. सलीम अली आणि अमेरिकी पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही शोध घेतला आणि हाती काही लागलं नाही. कुठल्या तरी साध्या पिंगळ्याचे फोटो रानपिंगळ्याचे म्हणून फिरत राहिले, त्यानं गोंधळ वाढला. हळूहळू समज पसरला की पक्षी संपला असावा.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मोठ्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करत होत्या. त्यासाठी जुने नमुने एकेक करून तपासायचे होते. कपाटं उघडायची, पक्ष्याची वाळलेली कातडी बाहेर काढायची, चिठ्ठी वाचायची, मापं घ्यायची, शिवण पाहायची. या कामात ऊन नाही, रान नाही, कुणाची शाबासकी नाही. माइनर्ट्‌झहागनच्या अनेक नमुन्यांबद्दल शंका आधीपासून होत्या. रासमुसेन यांनी त्याचा तो रानपिंगळा तपासला तेव्हा दिसलं की पक्षी एकदा भरलेला होता, नंतर उसवून पुन्हा भरलेला होता. मूळ भरणी ज्या हातानं केली होती तो हात डेव्हिडसन यांचा होता. थोडक्यात, माइनर्ट्‌झहागननं मांडवीला काहीही मारलं नव्हतं. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसन यांचा खानदेशातला नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून त्यानं तो स्वतःचा म्हणून ठेवला होता. त्याच्या संग्रहातले असे कितीतरी नमुने पुढे खोटे निघाले.

रासमुसेन यांनी ती नोंद खोडली, आणि ती खोडल्यावर खऱ्या जागा तेवढ्या उरल्या. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्याबरोबर भारतात आल्या. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. काही नाही. मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उजेडात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. तो दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतो, हे नंतरच्या अभ्यासानं पक्कं झालं. पुढे तो मेळघाटात सापडला, यावलमध्ये सापडला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ‘हरवलेला पक्षी सापडला’ असं आपण म्हणतो, पण सातपुड्यातला रानपिंगळा त्या ११३ वर्षांत कुठेही गेलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथेच पिल्लं वाढवत होता. भिल्ल आणि पावरा वस्त्यांच्या आसपासच्या रानात राहणाऱ्या त्या पक्ष्याबद्दल तिथल्या लोकांना काय माहीत होतं, हे विचारायला फार उशीर लागला. हरवला होता तो आपल्या वह्यांमधून. आणि आपली वही बिघडवली ती एका अधीर माणसानं. जे त्याला दिसलं नाही ते त्यानं दिसलं म्हणून लिहिलं. त्याच्या बाजूला रासमुसेन यांना ठेवा. त्यांनी आधी खोटी ओळ खोडण्यात वर्षं घातली आणि मग रानात पाऊल ठेवलं. सापडल्याच्या त्या सकाळचं कौतुक सगळे करतात आणि करायलाच हवं. मला मात्र त्याआधीची संग्रहालयातली वर्षं जास्त मोलाची वाटतात.

आता किहीमला जाऊ. अलिबागजवळचं हे गाव. १९३० चा पावसाळा. सलीम अली तेव्हा ३३ वर्षांचे होते आणि त्यांना नोकरी नव्हती. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान या नावाजलेल्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून ते परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झालेली. पत्नी तेहमिना यांच्या कुटुंबाचं किहीमला छोटं घर होतं, तिथे ते दोघं राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी शिडीवर कापडी आडोसा उभारला, त्यामागे बसले आणि तो सगळा विणीचा हंगाम रोज त्या खोप्यांकडे पाहत राहिले.

सुगरण हा काही दुर्मीळ पक्षी नाही. प्रत्येक गावाच्या विहिरीवर, बाभळीवर, शिंदीवर त्याचे खोपे लटकतात, आणि त्या विणकामाचं श्रेय आपल्याकडे मादीला दिलं जातं. सलीम अलींनी जे पाहिलं ते असं. खोपा विणायला नर सुरुवात करतो. अर्धा झाला, उलट्या टोपीसारखा दिसू लागला, की माद्यांची टोळी वसाहतीत येते. माद्या खोप्यात शिरून, टोचून, ओढून पाहतात. एखादीला पसंत पडला तर ती त्यात ठाण मांडते. मग नर उरलेला खोपा, ती लांब नळीची वाट, पुरी करतो. मादी अंडी घालून उबवायला बसते आणि नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरा. पिल्लांचं बहुतेक सगळं ओझं मादीवर. अर्धवट सोडलेले खोपे दिसतात ते माद्यांनी नापसंत केलेले. आधीच्या लेखकांनी या अर्धवट खोप्यांची नाना कारणं लिहून ठेवली होती, नराच्या करमणुकीसाठी असंही. सलीम अलींचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये आला आणि या पक्ष्याचा संसार पहिल्यांदा नीट कळला.

या हकीकतीचा अर्थ ‘नोकरी गेली तरी माणसानं खचू नये’ असा काढला जातो. तोही खरा असेल. माझं लक्ष वेगळ्या ठिकाणी जातं. सुगरणीचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. यादीत खूण करायची असती तर एका मिनिटाचं काम. सलीम अलींनी नाव कळल्यानंतर पाहायला सुरुवात केली. कोणता नर कुठे विणतो, कोणती मादी कधी आली, कधी बसली, रोज, खोप्या-खोप्याची वेगळी नोंद. आधीच्यांनी मारलेले अंदाज बाजूला ठेवून ते आडोशामागे बसले, म्हणून त्यांना उत्तर मिळालं.

नेहमीच्या पक्ष्याकडे पाहत राहण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे गिधाडांनी आपल्याला शिकवलं, आणि फार वाईट रीतीनं शिकवलं. ऐंशीच्या दशकात गिधाड हा मोजण्याजोगा पक्षी कुणालाच वाटत नव्हता. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की शे-दोनशे गिधाडं उतरत आणि तासाभरात सांगाडा उरे. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा तर तेव्हा जगातल्या सर्वांत संख्येनं मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश हे संशोधक शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते आणि त्यात त्यांनी गिधाडांची घरटीही मोजून ठेवली होती. तेव्हा ती साडेतीनशेच्या आसपास होती. नव्वदच्या दशकात त्यांनी तिथेच पुन्हा मोजली, तर निम्म्याहून कमी. झाडांवर गिधाडं मान खाली टाकून बसलेली, आणि खाली मेलेली. आणखी काही वर्षांनी तिथे घरटंच उरलं नाही. १९९९ मध्ये त्यांचा लेख आला तेव्हा देशभर लोकांना आठवलं, की अरे, आपल्याकडेही गिधाडं दिसत नाहीत. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये उघड झालं: जनावरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

विचार करा. पहिली मोजणी झाली त्या वेळी तिचा काहीही उपयोग नव्हता. कुणी म्हणालं असतं, भरतपूरला सारस आणि सायबेरियाचे क्रौंच बघायचे सोडून हे गिधाडांची घरटी कसली मोजताय? त्या आकड्याला अर्थ आला तो दहा वर्षांनी, दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवल्यावर. आपल्या राज्यात आणि देशात हजारो लोक गिधाडं रोज पाहत होते, त्यात पक्षी बघणारेही होते. पण पाहिलेलं लिहून ठेवलेलं फार थोड्यांकडे निघालं. डोळ्यांसमोरून एक पक्षी नाहीसा होत असताना तो नाहीसा होतोय हे म्हणायला लागणारा पुरावा आपल्याकडे नव्हता. गिधाडांच्या बाबतीत मला आजही सर्वांत जास्त दुःख याचं होतं.

असं कालांतरानं अर्थ येणारं आणखी एक काम सांगतो, जरा आनंदाचं. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ च्या डिसेंबरात चँडलर रॉबिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं लायसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या एका मादीच्या पायात क्रमांकाचं कडं घातलं. अशी कडी हजारो पक्ष्यांना घातली जातात आणि त्यातली बहुतेक पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. कडं झिजलं की नवं घालायचं, जुना क्रमांक नव्याशी जोडून लिहायचा, एवढंच काम, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या हातांनी. २००२ मध्ये रॉबिन्स पुन्हा मिडवेला गेले. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. एका मादीच्या पायातलं झिजलेलं कडं त्यांनी बदललं आणि मागचे क्रमांक लावत गेल्यावर लक्षात आलं, की ४६ वर्षांपूर्वी पहिलं कडं घालणारे ते स्वतःच होते. रॉबिन्स २०१७ मध्ये गेले. ती मादी, तिचं नाव आता विज्डम ठेवलं आहे, २०२४ मध्येही मिडवेवर अंडं घालायला आली, किमान ७४ वर्षांची. जगातला हा सर्वांत वयस्क ज्ञात रानपक्षी. हे आपल्याला कळलं ते मधल्या अनाम लोकांनी क्रमांकाला क्रमांक नीट जोडून लिहिला म्हणून.

आता आजच्या काळाबद्दल थोडं कठोर बोलणार आहे. गेल्या वीस वर्षांत हातोहाती चांगले कॅमेरे आले, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज आले. यामुळे हजारो तरुण या छंदात आले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्यातले कित्येक माझ्या पिढीपेक्षा कितीतरी चोख नोंदी ठेवतात. पण सोबत एक घाईही आली आहे. पक्षी झाडीतून बाहेर येत नाही, तर मोबाइलवर त्याच्या जातीच्या नराचा आवाज लावायचा. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो घरटं, पिल्लं सोडून भांडायला येतो. एका फोटोसाठी त्याची सकाळ खर्ची पडते, आणि ऐन विणीत सकाळ म्हणजे पिल्लांना भरवायची वेळ. पावसाळ्यात कोकणातल्या ओहोळांच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ करून अंडी घालतो. त्याचं रूप असं, की फोटोचा मोह कुणालाही व्हावा. बिळासमोर दहा-बारा जण तिपाया लावून बसले तर चोचीत पाल किंवा खेकडा घेऊन आलेला पक्षी आत जात नाही, समोरच्या फांदीवर अडून राहतो. आत पिल्लं उपाशी. समोरच्यांना वाटतं, आपण किती धीरानं बसलो आहोत! तो धीर नाही. आपल्याला हवं ते मिळेपर्यंत दुसऱ्याची अडवणूक करणं याला धीर म्हणता येणार नाही. पक्षीनिरीक्षकांच्या अनेक गटांनी घरट्याचे फोटो स्वीकारणं बंद केलं आहे. हा नियम सर्वांनी पाळावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

याउलट भिगवणला जाऊन बघा. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात, चमचे, थापटे, तुतारी, दलदली ससाणे येतात. तिथे पर्यटकांना नावेतून नेणारे बरेच जण मूळचे मासेमार. त्यांच्यातला जाणता नावाडी थव्याच्या बराच आधी इंजिन बंद करतो आणि बांबूनं नाव हळूहळू सरकवतो. पक्षी मान वर करून बघायला लागले की थांबतो. पर्यटक म्हणतात, अजून थोडं जवळ घ्या. तो घेत नाही. मानेच्या त्या हालचालीपुढचं पाऊल म्हणजे उड्डाण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. लांबून आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं सोपं नसतं, त्याच्या दिवसाच्या कमाईचा प्रश्न असतो. तरी तो नाही म्हणतो. अशा नावाड्यांना मी या छंदातले शिक्षक मानतो आणि त्यांना तसा मान मिळावा असं मला वाटतं.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो, कारण इथे शाळकरी मुलं बरीच बसली आहेत. आपल्या गावाला तलाव आहे. हिवाळ्यात त्यावर बदकं उतरतात, काठाला वंचक आणि तुतवार असतात, बाराही महिने टिटव्या असतात. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांशी मी बोललो आहे, आणि या वर्षापासून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, देवळाच्या बाजूच्या पायरीपासून सांडव्यापर्यंत चालत जाऊन मोजणी करायची असं आम्ही ठरवतो आहोत. दुर्बीण एक असली तरी चालेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी जाताना दाराशी नावं द्या. वही साधी, रकाने पाच: तारीख, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, पक्षी, संख्या. हवा कशी होती ते खाली एका ओळीत. जो पक्षी कळला नाही त्याच्यासमोर ‘ओळख पटली नाही’ असं लिहा, आणि शक्य झालं तर त्याचा आकार, चोच आणि रंग काढून ठेवा. अंदाजानं नाव घालू नका, मोठ्यांनी सांगितलं तरी घालू नका.

आणि ज्या दिवशी पाण्यावर एकही बदक नसेल त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका. तारीख लिहून समोर शून्य लिहा. रकाना मोकळा राहिला तर वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळणार नाही, की त्या दिवशी बदकं नव्हती की तुम्ही गेलाच नव्हता.